बंद घराचा रोखा

१२ जुलै १९५९

डायरी लिहिणारी बायको म्हणजे घरात आणून बसवलेला ऑडिटर, असं पद्माकरांचं मत. (तोंडावर मी ‘अहो’ म्हणते, इथं नाव घ्यायला कोण अडवणार?) असो. पुणं सोडून बंगळूरला आलो त्याला वर्ष होईल. मला कानडी येत नाही, आणि इथल्या जुन्या मराठी बायकांना माझं मराठी फार भरभर वाटतं. मग वहीशी बोलते.

आज लिहायला बसले त्याचं कारण मात्र निराळं आहे. परवा शाळेत दुसरीच्या वर्गाच्या छपराचा वासा मोडून खाली आला, बरोबर कौलांचा ढीग. मुलं प्रार्थनेला अंगणात उभी होती म्हणून वाचली. आमच्या प्रेमाच्या बसायच्या जागेवर पडलेला कौलाचा तुकडा हेडमास्तर गुंडोरावांनी मला दाखवला. तो मी हातात घेऊन बघितला. आधीची दोन पोटातच गेली, त्यानंतरची ही एकुलती एक.

गुंडोराव म्हणतात, वाळवीनं सगळं आढं खाल्लं आहे. पश्चिमेची भिंत तर बारा महिने ओली असते. तपासनीस लिहून देऊन गेले : जानेवारी संपायच्या आत दुरुस्ती करा, नाहीतर शाळेला कुलूप. बसवनगुडीत ही मराठी शाळा आहे म्हणून तर आम्ही इकडे बिऱ्हाड केलं. पद्माकरांचा सरकारी कारखाना के. आर. पुरमपाशी, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. क्वार्टर मिळेपर्यंत ते रोज उजाडायच्या आत कंपनीची बस धरतात आणि माझ्या नावानं बोटं मोडतात. पोरीला मराठी शाळाच हवी हा हट्ट माझा. तेव्हा तिच्या डोक्यावरचं छप्परही मलाच बघायला हवं.

२ ऑगस्ट

लष्कराच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या आहेत. शाळेच्या मंडळानं मला दुरुस्तीच्या कामाची चिटणीस केलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसू शकते, एवढीच माझी पात्रता.

सरकार एवढे पैसे देणार नाही. म्हणून कर्जरोखे काढायचे. घरांनी शाळेला कर्ज द्यायचं, शाळेनं रोखा लिहून द्यायचा, आणि पुढं फीमधून सात वर्षांत थोडंथोडं व्याजासकट फेडायचं. सरळ गोष्ट आहे. पण इथं सरळ काही नसतं. शाळेला कर्जात घालायचं तर मूळ घरांचं मत घ्यावं लागतं. शहाजीराजांच्या काळात इकडे येऊन राहिलेली ही घरं. त्यातल्या दहांनी शाळा काढली, म्हणून मत त्या दहांचंच. आमच्यासारखे काल आलेले फक्त सतरंजीवर बसतात.

मताची रीत अशी. दहा पाट मांडतात. प्रत्येक पाटापुढे एक सुपारी आणि एक चिंचोका. मंजूर असेल त्यानं मधल्या तबकात सुपारी टाकायची, नामंजूर असेल त्यानं चिंचोका. सहा सुपाऱ्या पडल्या तरच काम पुढं जातं. मी ऐकून हसले तर आमच्या घरमालकीणबाई पद्मावतीअक्का म्हणाल्या, हसू नका, चिठ्ठी फाडता येते, सुपारी फाडता येत नाही. अक्काही मूळ घरच्याच. एकट्या असतात, प्रेमावर त्यांचा जीव आहे.

आणखी एक रीत मला फार आवडली. ज्या घरानं रोखा घेतला त्या घरचं एक मूल रोखा फिटेपर्यंत शाळेत बिनफीचं शिकतं. घरात मूल नसेल तर शाळेतलं एक मूल आठवड्यातून एक दिवस त्या घरी वाराला जेवायला जातं. आमच्या आजोबांनी पुण्यात असेच वार लावून शिक्षण केलं होतं. कर्ज देणाऱ्याचं घरही भरलेलं राहतं आणि मुलाचं पोटही. हे डोकं ज्याचं, त्याला मानलं.

९ ऑगस्ट

आठवडाभर ओसऱ्या झिजवल्या. पाच घरं अनुकूल आहेत. चार घरं म्हणतात, शाळेला कर्जाची पायरी चढवू नका. दहावं घर नाहीच.

ते विठोजींचं. शाळेची जागा त्यांनी दिली. साठ वर्षांपूर्वीच्या प्लेगात घरातलं एकेक माणूस गेलं, शेवटी एक मुलगी उरली होती, कावेरी नावाची, तीही गेली. शाळेच्या मागं त्यांच्या घराचं नुसतं जोतं आहे. चार दगडी पायऱ्या, वर गवत, आणि एक तुळशीवृंदावन. पण मताच्या वेळी त्यांचाही पाट मांडतात. मंडळाचे अध्यक्ष भीमाचार्य विचारतात, या घराच्या वतीनं कोण बोलणार? कुणी बोलत नाही. मग पाट उचलतात.

म्हणजे पाच सुपाऱ्या आणि काम खोळंबलं. मेलेल्या माणसांपायी जिवंत पोरांच्या डोक्यावर कौलं पडायची. मला इतका राग आला की आमटीत दोनदा मीठ घातलं.

१६ ऑगस्ट

जिंकलो.

सभा शाळेच्या पडवीत झाली. पाच सुपाऱ्या, चार चिंचोके. भीमाचार्यांनी डोळे मिटून विचारलं, “विठोजींच्या घराच्या वतीनं कोण बोलणार?”

मी सतरंजीवरून उठले आणि म्हटलं, “मी बोलते.”

भीमाचार्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ऐंशीच्या घरातले आहेत, पण नजर लख्ख. म्हणाले, “बाई, विचार करून सांगा. बोलणाऱ्यावर घराचं सगळं येतं की.”

सगळं म्हणजे रोख्याचे पैसेच ना, मी म्हटलं, त्याचं बघून घेऊ. त्यांनी पुन्हा विचारलं. मला वाटलं, बाईमाणूस आणि तीही बाहेरची, म्हणून आडकाठी घालताहेत. मीही पुन्हा हो म्हटलं, जरा चढ्या आवाजातच. मग त्यांनी बाकीच्या घरांकडे पाहिलं. एकानंही हरकत घेतली नाही. चिंचोके टाकणारेही जमिनीकडे बघत होते. मी विठोजींच्या पाटावरची सुपारी उचलून तबकात टाकली. ओली होती. पावसाळी हवा, दुसरं काय.

घरी येताना पद्मावतीअक्कांनी माझा हात धरला. “तुम्ही कशाला बोललात की,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, अक्का, सहावी सुपारी कुठून आणली असती? त्यांनी हात सोडला आणि पुढं निघाल्या. त्यांनी स्वतः सुपारीच टाकली होती, मग आता वाईट का वाटावं?

पद्माकर म्हणाले, पुण्याच्या माणसानं बंगळुरात येऊन भुताचं वकीलपत्र घेतलं. पोट धरून हसलो दोघं.

५ सप्टेंबर

रोख्यांचे पैसे जमा होत आले. विठोजींच्या रोख्यासाठी मी माझ्या पाटल्या मोडायची तयारी केली होती. आज शाळेत गेले तर गुंडोराव म्हणाले, त्या घरचे भरले. कुणी भरले? ते तपकीर ओढत राहिले. सकाळी शाळा उघडली तेव्हा टेबलावर पुरचुंडी होती म्हणे. रुपये सगळे जुने चांदीचे, राणीच्या छापाचे. सोनारानं हसत घेतले.

भीमाचार्यच असणार. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये अशातले ते आहेत. मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

रोखा कुणाच्या हाती द्यायचा असं मी विचारलं. गुंडोराव म्हणाले, जोत्यावर वृंदावनात ठेवून आलो. अशी माणसं!

२५ ऑक्टोबर

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. जुनी कौलं उतरवली, नवे सागवानी वासे आले. दुसरीचा वर्ग तूर्त पडवीत बसतो. मी रोज जाऊन उभी राहते, गवंडी मला ‘मेस्त्रीअम्मा’ म्हणायला लागले आहेत.

एक नवल. पश्चिमेची भिंत, जिच्या ओलीवर इलाज नाही असं सगळे म्हणत होते, ती आपोआप वाळली. हात लावायच्या आधीच. गवंड्यानं ठोकून बघितलं, म्हणाला कोरडी ठणठणीत आहे. मी म्हटलं, देव पावला. गुंडोराव म्हणाले, घर समाधानी झालं. त्यांना शाळा म्हणायचं असेल.

मागच्या बाजूनं कंपाउंडची भिंत घालतो आहोत. मी नकाशात ती सलग काढली होती. भीमाचार्यांनी तिच्यात एक लहान दार ठेवायला सांगितलं, विठोजींच्या जोत्याकडे उघडणारं. तिकडे जायचं कुणाला आहे, मी विचारलं. “जायचं नसलं तरी यायचं असतं की,” ते म्हणाले. म्हाताऱ्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलंय. दार ठेवलं. इतकं बुटकं आहे की मोठ्या माणसाला वाकावं लागेल.

७ नोव्हेंबर

आज शनिवार, अर्धी शाळा. तरी प्रेमा तीन वाजून गेल्यावर घरी आली. मी काळजीनं अर्धी झाले होते. केस चोपून तेल लावून घातलेली घट्ट वेणी, तीत अबोली आणि मरवा. ताट वाढलं तर म्हणाली, जेवले. कुठे जेवलीस? “वार आहे ना माझा,” म्हणाली.

मी पद्मावतीअक्कांकडे गेले. त्यांना मूल नाही, त्यांनीही रोखा घेतला आहे, म्हणजे प्रेमा त्यांच्याच वाट्याला आली असणार. मी आभार मानले, म्हटलं, सांगायचं तरी होतं मला. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. वळून बघितलं नाही. “होय की,” म्हणाल्या, “पोर जेवली ना पोटभर? झालं तर मग.” धुराचा त्रास होत असावा, डोळे पुसत होत्या.

१ डिसेंबर

काल दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी शेंगदाण्यांची जत्रा होती. सगळी बसवनगुडी रस्त्यावर. मूळ घरच्या बायका भेटल्या. सगळ्या प्रेमाचे कोण लाड करतात! एकीनं बांगड्या भरल्या, एकीनं तिच्या ओच्यात शेंगा ओतल्या, आणि आमच्या पोरीला नमस्कार केला. सात वर्षांच्या पोरीला! मला मात्र कुणी डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही. एकीनं विचारलं, तुम्हाला मुलं किती? एकच, म्हटलं. तिनं शेजारच्या बाईकडे बघितलं आणि दोघी गर्दीत निघून गेल्या. मला वाटतं, माझ्या चिटणीसपणाची असूया आहे.

प्रेमा आता इथल्यासारखं बोलते. ‘स्वल्प थांब की’, आणि ‘बरं’च्या जागी ‘सरी’. पद्माकरांना गंमत वाटते. जेवताना तिनं विचारलं, आपल्याकडे मटण का नसतं? शनिवारी तर असतं. मी हातातली पळी खाली ठेवली. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात चालत नाही, आणि पद्मावतीअक्का तर सोवळ्यातल्या. शाळेतल्या पोरांकडून ऐकलं असेल.

पण तिच्या हाताला वास येत होता. मी साबणानं दोनदा धुतला.

१२ डिसेंबर

आज मी शाळेमागं गेले. शनिवार होता. स्वच्छ ऊन पडलेलं. बुटक्या दारातून वाकून बाहेर पडले.

प्रेमा जोत्यावर मांडी घालून बसली होती. पुढं काही नव्हतं, नुसता दगड. ती हात खाली नेत होती, तोंडाशी आणत होती, चावत होती. मधेच हात आडवा धरून “पुरे, पुरे” म्हणाली आणि हसली, पाहुण्यांकडे आग्रह झाला की हसतो तसं. मग सरकून पाठमोरी झाली आणि मान खाली घातली. तिचे मोकळे केस वर उचलले गेले.

वारा असेल. वारा होताच.

भातुकली खेळते आहे. एकुलत्या एका पोरांना अशी सवय असते, मलाही होती. हे मी स्वतःला समजावत उभी राहिले, पण पाऊल पुढं टाकवेना. तिनं मला पाहिलं. ओळखीचं हसली, आणि बाजूच्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच काहीतरी सांगितलं, जसं कुणाला सांगावं की ह्या आमच्या शाळेतल्या बाई.

घरी आणलं. वेणी चार पेडांची आहे. मला तीन पेडांचीच येते, आणि प्रेमाला एकाही पेडाची येत नाही. आल्यापासून मी ती सोडवते आहे. सुटत नाही.

पद्माकरांना सांगितलं. ते म्हणाले, तू दमलीस, छप्पर डोक्यावर घेतलंस. खरंच दमले आहे.

१५ जानेवारी १९६०

काल संक्रांतीला नव्या वर्गाचं उद्घाटन झालं. तपासनीस वासे बघून खूश झाले. मला शाल दिली. प्रेमाच्या डोक्यावर आता पन्नास वर्षं काही पडायचं नाही.

इथं संक्रांतीला मुली नटून घरोघर तीळ-गूळ-खोबऱ्याची ताटं घेऊन जातात. प्रेमालाही मी नवं परकर-पोलकं शिवलं होतं. ती दुपारी आली ती दुसऱ्याच कपड्यांत. खणाचा जुना जरीचा परकर, पायात चांदीचे वाळे. कुणी दिले? “घरचे आहेत,” म्हणाली. नवं पोलकं कुठं आहे विचारलं तर मला म्हणाली, ते तुमच्याकडे असेल.

तुमच्याकडे! मी चापट मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडलीसुद्धा नाही. गाल चोळत कोपऱ्यात उभी राहिली, परक्याच्या घरी चूक झाल्यावर उभं राहावं तशी. मग मीच रडले.

९ फेब्रुवारी

क्वार्टर मिळालं! के. आर. पुरमच्या पुढं, कारखान्याच्या वसाहतीत. दोन खोल्या, नळ, मागं अंगण. एरवी मी मराठी शाळा सुटते म्हणून भांडले असते. आज पद्माकरांना वाटलं तसं मी भांडले नाही. कधी निघायचं, विचारलं.

प्रेमा आता रोजच उशिरा येते, नुसती शनिवारी नाही. हाक मारली तर ‘ओ’ द्यायला वेळ लावते. काल मी ‘कावेरी’ म्हणून बघितलं, विठोजींच्या त्या मुलीचं नाव. का म्हटलं कोण जाणे. लगेच वळली.

२२ फेब्रुवारी

प्रेमाचं नाव काढायला शाळेत गेले. गुंडोरावांनी भीमाचार्यांकडे पाठवलं. ते ओसरीवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, आम्ही जातो आहोत, दाखला द्या.

“रोखा फिटेपर्यंत मूल निघत नाही,” ते म्हणाले. “तुमच्या मुलीचा वार त्या घरचा.”

कुठल्या घरचा, मी विचारलं. मला ठाऊक होतं. महिनोन्महिने ठाऊक होतं, आता वाटतं.

ते शांतपणे बोलत राहिले. जो घराच्या वतीनं बोलतो त्याचं मूल त्या घरी जातं, पहिल्यापासून तसंच आहे. “तुम्हाला मी दोनदा विचारलं की, बाई.”

मग सांगितलं का नाही, मी ओरडले. तुम्ही सगळे बसला होतात. तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी डोळे मिटले. “आमचीही नातवंडं त्याच छपराखाली बसत होती,” म्हणाले.

मी म्हटलं, मी आजच फेडते. सात वर्षं कशाला, सगळं व्याज धरून पाटल्या मोडून फेडते. त्यांनी विचारलं, आणि घेणार कोण? घेणाऱ्यानं रोखा परत दिला म्हणजे फिटलं. तेवढं करून दाखवा.

दुपारी मी पाटल्या घेऊन जोत्यावर गेले. वृंदावनात ठेवल्या. तासभर पदर पसरून बसले. नास्तिक नवऱ्याची बायको, बी. ए. झालेली, गवताशी बोलत बसले. माझी एकच आहे हो, म्हटलं. उठले तेव्हा पाटल्या माझ्या पदरातच होत्या. रोखा कुठं दिसला नाही.

६ मार्च

आलो. दाखल्याशिवाय, कुणाला न सांगता. पद्माकरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, म्हणाले, आपण जाऊ, जागा बदलली की ठीक होईल. त्यांनी लॉरी बोलावली. पद्मावतीअक्का दारात आल्या नाहीत. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता.

प्रेमा मुकाट्यानं लॉरीत बसली. मला वाटलं होतं, आकांत करेल. नाही. सगळ्या वाटेनं खिडकीतून बघत होती, रस्ता लक्षात ठेवावा तशी.

९ मार्च

जागा छान आहे. नळाला दिवसभर पाणी. शेजारी नागपूरकडचे आहेत, त्यांची मुलगी प्रेमाच्याच वयाची. प्रेमा तिच्याशी खेळत नाही.

ती त्रास देत नाही. तेच मला सहन होत नाही. पान वाढलं की “फार नको” म्हणते. चार घास खाते, ताट उचलून मोरीत ठेवते. सांगितल्याशिवाय कॉटवर बसत नाही. दिवसभर दप्तर मांडीवर घेऊन दाराजवळच्या स्टुलावर असते. पद्माकरांनी तिला उचलून घेतलं, पूर्वीसारखं हवेत उडवलं. तिनं अंग चोरून घेतलं आणि परकर सारखा केला. ते बाहेर जाऊन अंगणात उभे राहिले. मग कामाला गेले, घड्याळ न घेताच.

११ मार्च

दोन दिवस तिच्या पोटात पाण्याखेरीज काही नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी तपासलं, ताप नाही, काही नाही, म्हणाले हवापालटानं होतं. ओठ सुकलेत. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं.

आज दुपारी मी तिच्यापुढं बसले. दूधभात कालवला. म्हटलं, प्रेमा, एक घास. आईसाठी एक. तिनं माझ्याकडे पाहिलं. किती शहाणी नजर, जराही राग नाही. मला वाईट वाटू नये म्हणून जपून बोलावं तसं हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही फार चांगल्या आहात. पण उद्या शनिवार. घरी वाट बघतील की. मला सोडाल का?”

मला काकू म्हणाली.

मी खूप बोलले. तू माझी आहेस म्हटलं. ससूनमध्ये झालीस म्हटलं, तुझ्या कानामागं तीळ आहे तो माझ्या आईकडून आलाय, तुला गोवर आला तेव्हा मी आठवडाभर पापणी मिटली नव्हती. ती सगळं ऐकत राहिली, मान हलवत, दुसऱ्या कुणाच्या मुलीची गोष्ट ऐकावी तशी. मग तिचे डोळे भरून आले. माझ्यासाठी.

हिला इथं ठेवली तर ही मरेल. हे मला आता स्पष्ट दिसतं आहे. आणि सोडली तर जगेल. तिथं जेवेल, हसेल, नव्या छपराखाली बसून पाढे म्हणेल, मोठी होईल. फक्त माझी नसेल.

मी म्हटलं, “उद्या सोडते हं.”

“नक्की?”

“नक्की.”

तेव्हा तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. घट्ट. किती महिन्यांनी. आणि मग सगळा दूधभात खाल्ला, माझ्या हातानं, शेवटच्या शितापर्यंत.